कोसमटोल्याची झोळी

"पहिलं पाऊल माह्यं!" असं ओरडत पवननं पट्टीवर उडी मारलीसुद्धा.

"ए, थांब बे! तुह्यं काऊन?" बुधरीनं त्याची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. "तादोनं मले सांगून ठेवलं हाय. पट्टी मी चालणार. तुमी सगळे माह्या मागून!"

बुधरी आजोबांना तादो म्हणायची. गोंडीत आजोबांना तसंच म्हणतात. हे तादो म्हणजे इसरू आजा, कोसमटोल्याच्या धावपट्टीचे राखणदार. जंगलाच्या मधोमध लाल मुरमाची ही लांबलचक पट्टी कुणी आणि कशासाठी बांधली, यावर गावात आजही भांडणं होतात. पण ती आता कशाच्या कामाला येते, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. थंडीचे दिवस आले, की नागपूरकडचे हौशी वैमानिक दोन-दोन माणसांची चिमुकली विमानं घेऊन इथं उतरतात. नुसते हौसेखातर! मोहाच्या झाडाखाली बसून गावातल्या बायांच्या हातचं जेवतात, पोरांना विमानाला हात लावू देतात आणि उन्हं कलायच्या आत उडून जातात.

मदीहाला हे सगळं बुधरीकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आरमोरीच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. बुधरी वसतिगृहात राहायची आणि मदीहाचं घर बाजारात, वडिलांच्या शिलाईच्या दुकानामागं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती धाकट्या भावाला, अनसला घेऊन बुधरीच्या गावी आली होती. पवन हा बुधरीचा मामेभाऊ. अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा!

"आपी, मी खिशात शेंगदाणे आणले," अनस म्हणाला. "इमान आलं तं प्रियाताईले देणार."

"इमान येईपर्यंत उरले तं देशील ना!" मदीहा हसली.

आज हंगामातलं पहिलं विमान येणार होतं. दरवर्षी येणारी वैमानिक प्रियाताई ते चालवणार आणि तिच्याबरोबर बापूराव नावाचे, नागपूरच्या विमान-क्लबचे ज्येष्ठ वैमानिक येणार होते. यापुढं क्लबनं कुठल्या आडरानातल्या पट्ट्या वापरायच्या आणि कुठल्या सोडून द्यायच्या, हे तेच ठरवत. गेल्या वर्षी त्यांनी दोन पट्ट्या सोडल्या होत्या. तिथं आता गवत आणि पळस माजले आहेत म्हणे. आणि नेमके याच वेळी इसरू आजा पाय मोडून आरमोरीच्या दवाखान्यात पडले होते! बिचाऱ्यांचा सगळा जीव पट्टीत अडकला होता. निघताना त्यांनी बुधरीचा हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती.

"आधी पट्टी चालाची, मंग झोळी चढवाची. ध्यानात ठेव पोरी."

झोळी म्हणजे खांबावरची केशरी कापडी नळी. वारा आला की ती फुगते आणि वारा कुठून येतो, ते वैमानिकाला वरून कळतं. बाकी जग तिला काय म्हणतं कोण जाणे, पण कोसमटोल्यात तिचं नाव झोळीच. इसरू आजांचा नियम असा, की रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी पायी चालून पाहायची. दगड, बीळ, खड्डा काही नाही ना, याची खात्री झाली की मगच झोळी वर. झोळी दिसली नाही, तर कुठलाही वैमानिक इथं उतरत नसे.

"बुधरी," मदीहा एकदम थांबली. "झोळी तं वरच हाय!"

खरंच की! पट्टीच्या टोकाला दगडी खोली होती आणि तिच्या भिंतीलगतच्या खांबावर झोळी लोंबत होती. वारा नव्हता, म्हणून ती मान टाकून पडली होती.

"पत्रूकाकानं चढवली असन," पवन म्हणाला. आजा दवाखान्यात गेल्यापासून पत्रूकडं पट्टीचं काम दिलं होतं.

"पट्टी न चालता?" बुधरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दवावर एकाही पायाचा ठसा नाई. पाह्य!"

एवढ्यात अनस पुढं पळाला. पट्टीवर एके ठिकाणी धानाचं तणस पसरलं होतं, अगदी गादीसारखं. अशा वेळी दहा वर्षांचा मुलगा काय करील? त्यानं धावत जाऊन त्यावर उडी मारली.

आणि तो दिसेनासा झाला!

"आपीऽऽ!" जमिनीच्या आतून आवाज आला.

तिघंही धावली. तणसाखाली तणसानंच भरलेला खड्डा होता, अनसच्या छातीएवढा खोल आणि बैलगाडी मावेल एवढा रुंद. अनस डोक्यावर तणस घेऊन आत उभा होता आणि सांडलेले शेंगदाणे शोधत होता.

"लागलं का रे?" मदीहाचा आवाज चिरकला.

"नाई. पण अर्धे शेंगदाणे गेले!"

पवननं त्याला ओढून वर काढलं, तसं बाजूचं तणस घसरून भोक पुन्हा बुजलं. खड्ड्याच्या कडांवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे होते आणि तिथून टिप्परच्या चाकोऱ्या थेट नव्या रस्त्याच्या कामाकडं गेल्या होत्या.

"मुरूम नेला!" पवन ओरडला. "आपल्या पट्टीचा मुरूम खोदून रस्त्यावर टाकला!"

बुधरी खाली वाकली. ती खड्ड्याकडं बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "प्रियाताई याच टोकाले उतरते. चाकं इथीच टेकतात."

वरून बघणाऱ्याला काय दिसणार? पट्टीवर कुणीतरी तणस वाळत घातलंय, एवढंच. खांबावर झोळी आहे, म्हणजे पट्टी नीट आहे, असं समजून प्रियाताई बिनघोर खाली येणार!

"चला, झोळी खाली घेऊ!" ती म्हणाली. झोळीचा दोर भिंतीतल्या नळीतून खोलीत येत असे, नाहीतर बकऱ्या तो चघळत. चौघं खोलीकडं पळत सुटली. दार उघडंच होतं. ती आत शिरली, तोच बुलेटची धडधड ऐकू आली.

"रस्त्याच्या कामावरचा मुकादम!" बुधरी कुजबुजली. "लपा! तो काय बोलते, ते ऐकू."

चौघं मोठ्या दगडी रोलरच्या मागं दबून बसली. अनसच्या तोंडात शेंगदाणे होते, म्हणून पवननं त्याचं तोंड दाबून धरलं. बाहेर बुलेट थांबली. गुणवंतराव मुकादम आणि पत्रू उतरले.

"भाऊ, खड्डा भरला नाई वो अजून," पत्रूचा रडका आवाज.

"भरतो ना बे! मंडई झाली की दोन टिप्पर माती टाकतो. तणस टाकलं ना वरून?"

"टाकलं. पण इमान..."

"इमान तिकडच्या टोकाले उतरते."

"इसरूभाऊ तं म्हणत होते, इकडूनच..."

"पत्रू, तू इमान चालवते का? नाई ना? मंग चूप! एवढ्याशा खड्ड्यानं काही होत नाई. आन् हे खोलीले कुलूप लाव. आतला पसारा पाह्यला तं पाहुणे नाक मुरडन."

दार धाडकन बंद झालं. कडी वाजली, कुलूप वाजलं. मदीहा ताडकन उठली, पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बुलेट सुरू झाली होती.

"थांबा! आमी आत हाओ! पत्रूकाकाऽऽ!"

चौघांनी दार बडवलं, बेंबीच्या देठापासून ओरडली. बुलेटपुढं कुणाचं काय चालणार! धडधड लांब गेली, आणखी लांब गेली आणि मग नुसती शांतता उरली.

खोलीत अंधार होता. उंचावर एक गजांचा झरोका होता, तेवढाच काय तो उजेड. मदीहाला बंद जागेची पहिल्यापासून धास्ती होती. घरी ती न्हाणीच्या दारालासुद्धा आतून कडी लावत नसे. आता तिला श्वास अपुरा पडू लागला. पण अनस तिच्याकडंच बघत होता, त्यामुळं तिला रडायचीही सोय नव्हती.

"घाबरू नका, मी हाय ना!" पवन बाह्या सरसावत म्हणाला. "हे दार म्हणजे माह्या डाव्या हाताचा मळ!"

तो मागं सरकला आणि धावत येऊन दारावर आदळला. दार सागवानी होतं. ते जागचं हललं नाही, पवन मात्र खांदा चोळत खाली बसला.

"आता उजव्या हाताचा मळ काढ!" बुधरी म्हणाली.

एरवी सगळे खदाखदा हसले असते. आज कुणालाच हसू आलं नाही. त्यांनी कुदळीनं उंबऱ्याखाली खणून पाहिलं, पण तिथं सलग फरशी होती. आकडी लावलेला बांबू उंच करून छपराचे पत्रे ढोसले, तर डोळ्यांत गंज तेवढा पडला. पुन्हा ओरडून झालं, पण ऐकणार कोण? शेजारच्या गावी मंडई होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे झाडीपट्टी मुलखातला मोठा उत्सव. सकाळपासून अख्खं गाव तिकडं गेलं होतं. तिकडच्या भोंग्यावरची गाणी इथपर्यंत पुसट ऐकू येत होती. चार पोरांचा आवाज तिथं कसा पोचावा?

"दार राहू द्या," मदीहा धापा टाकत म्हणाली. "आधी झोळी! दोर ओढला की झोळी खाली येते ना?"

बुधरी भिंतीतल्या नळीपाशी गेली आणि तिथंच थिजली. नळीतून वीतभर दोर लोंबत होता. ओढताच तो तिच्या हातात आला. त्याचं दुसरं टोक विळ्यानं कापलेलं होतं.

"काल पत्रूकाकाच्या गोऱ्ह्याच्या गळ्यात नवा दोर होता," पवन हळूच म्हणाला. "मी म्हटलं, वा! लय मजबूत दोर हाय!"

"मंग झोळी वर कशी राह्यली?"

पवनच्या खांद्यावर चढून मदीहानं झरोक्यातून वर पाहिलं. झोळीची लोखंडी कडी खांबाच्या शेंड्याला तारेनं आवळून टाकली होती. रोज चढवायला नको आणि रोज उतरवायलाही नको! पत्रूनं कायमचीच सोय केली होती. वारा पडलेला असल्यामुळं झोळीचं शेपूट झरोक्याच्या वरच, हातभर अंतरावर लोंबत होतं.

मदीहा खाली उतरली आणि भिंतीला टेकून बसली. एवढं जवळ, आणि काही उपयोग नाही! शेपूट ओढलं तरी झोळी काही सुटणार नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं प्रियाताईचं विमान येऊ लागलं. चाकं तणसावर टेकतात आणि... तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. कुणीतरी हे दार उघडावं, कुणीही उघडावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"आपी, या पोत्यात काय हाय?" अनसनं विचारलं. कोपऱ्यात एक शिवलेलं पोतं होतं.

"चुना हाय," बुधरी म्हणाली. "पट्टीच्या कडा आखायचा. त्याले हात नको लावू."

हात लावू नको म्हटल्यावर अनसनं काय करावं? त्यानं पोत्याच्या तोंडाशी लोंबणारा दोरा धरून ओढला. सर्रर्र! अख्खी शिलाई एका झटक्यात उसवली आणि पोत्यानं आ वासला. चुन्याचा ढग उठला आणि पवन फटाफट शिंकायला लागला.

"अन्या! काय केलं बे?"

"मी काई नाई केलं! नुसता दोरा ओढला तं..."

मदीहा चुन्याकडं बघतच नव्हती. ती अनसच्या हातातल्या लांबच लांब दोऱ्याकडं बघत होती.

"साखळी टाका!" ती पुटपुटली. मग एकदम ओरडली, "साखळी टाका! बुधरी, झोळीलेही हाच टाका हाय!"

"काय म्हणून राह्यली तू?"

"अब्बूंनी झोळी शिवली ना, तवा कापड जाड होतं. त्यांच्या मशीनची सुई मोडली. मंग त्यांनी राईस मिलमधून पोती शिवायची मशीन मागून आणली. मी म्हटलं, अब्बू, ही शिलाई कच्ची हाय. एक दोरा निघाला तं सगळी जाईन! तं म्हणे, चालून जाते बेटा, पुढच्या साली पक्की करून देतो." बोलता बोलता मदीहा उठून उभी राहिली होती. "लय भांडली मी त्यांच्याशी! कडीपासून सुरू केली त्यांनी. आधी कडीभोवती तोंड शिवलं, मंग त्याच दोऱ्यानं उभी शिलाई शेपटापर्यंत. एकच दोरा! शेपूट मी धरलं होतं, गाठही मीच मारली. गाठ सोडून दोरा ओढला, तं..."

"तं झोळी वरच्या कडीतून निसटते!" पवननं टाळी वाजवली. "चल, चढ खांद्यावर!"

"थांब," बुधरी म्हणाली.

पवन खाली वाकला होता, तो तसाच थांबला.

"झोळी नाई दिसली तं प्रियाताई उतरणार नाई. पण बापूरावांना काय दिसन? ना झोळी, ना माणूस, ओसाड पट्टी! ते आपली पट्टी सोडून देतील. मंग तादो..." तिनं हातातला कापलेला दोर घट्ट धरला. "तादो दवाखान्यात रोज पट्टीचंच विचारते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. इतक्यात दूरवरून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू आली. भोंग्याच्या गाण्यातून वेगळी कळत होती ती.

"बुधरी," मदीहा म्हणाली. "झोळी तुमची हाय. तू सांगशील तसं करू."

बुधरीनं डोळे पुसले. "तादो इथी असता तं त्यानं एक घडीही झोळी वर ठेवली नसती," ती म्हणाली. "चढ लवकर!"

पवन भिंतीला हात टेकून उभा राहिला. मदीहा त्याच्या खांद्यांवर चढली. बुधरीनं आकडीचा बांबू तिच्या हातात दिला. मदीहानं तो गजांमधून बाहेर काढून वर नेला, झोळीच्या शेपटाला आकडी लावली आणि... वारा आला! झोळी फुगली आणि तिचं शेपूट दिमाखात लांब गेलं.

"मिळालं का?" खालून पवन.

"नाई! वारा सुटला!"

"मंग पकड ना वाऱ्याले! माहे खांदे गेले!"

गुणगुण वाढत होती. झोळी हलत होती, डुलत होती, मध्येच जवळ येत होती आणि पुन्हा निसटत होती. मदीहाचे हात भरून आले. गालावर गज रुतत होता. बांबू सोडून द्यावा, असं तिला वाटू लागलं. तेवढ्यात वाऱ्यानं दम घेतला. झोळी मलूल होऊन खाली आली आणि मदीहानं आकडी फेकून थेट हातच बाहेर घातला. बोटांना कापड लागलं!

"धरलं! धरलं! पवन, हलू नको!"

तिनं शेपूट गजांमधून आत ओढलं. गाठ तिचीच होती, चांगली तीन पेडी आणि पावसानं आवळलेली. नखांनी सुटेना. अब्बूंसमोर फुशारकी मारून मारलेली गाठ! मदीहानं ती दातांत धरली आणि कचाकचा चावायला सुरुवात केली.

"इमान दिसलं!" बुधरी दाराच्या फटीला डोळा लावून ओरडली. "वळलं! खाली येऊन राह्यलं!"

गाठ तुटली. मदीहानं दोरा खाली सोडला. "ओढा! सरळ ओढा, झटके देऊ नका!"

अनसनं दोरा हाताला गुंडाळला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडं धाव घेतली. सर्रर्र! शेपूट उसवलं. दोरा येतच होता, येतच होता... आणि अडकला.

"आपी, येत नाई!"

"तोडू नको अनस! अब्बूंचा दोरा हाय, निघते! थोडा ढिला सोड, आता ओढ!"

आता विमानाच्या आवाजानं पत्रे थरथरत होते. अनसनं दोरा ढिला सोडला आणि पुन्हा ओढला. वर काहीतरी सुटलं. उसवलेली शिलाई कडीभोवती गर्रकन फिरली आणि केशरी कापड धुतलेल्या चादरीसारखं फतकन झरोक्यावर येऊन पडलं. खोलीतला होता तो उजेडही गेला.

त्याच क्षणी डोक्यावरून प्रचंड गर्जना गेली. पवन दचकला, मदीहा घसरली आणि सगळी एकमेकांवर कोसळली. चुना उडाला. विमान उतरलं? आदळलं? कुणालाच कळेना.

गर्जना वर वर गेली आणि लांब लांब गेली.

"नाई उतरली," मदीहा म्हणाली. "प्रियाताई नाई उतरली!"

आनंदानं ओरडावं असं वाटत होतं, पण बुधरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मदीहानं तिला घट्ट धरलं. बाहेर पुन्हा शांतता झाली. दार बंदच होतं आणि खोली आधीपेक्षा जास्तच काळोखी झाली होती. पण नवल म्हणजे मदीहाला आता श्वास घेता येत होता.

थोड्या वेळानं विमान परत आलं. पट्टीवरून एक घिरटी, मग मंडईवरून एक, मग पुन्हा पट्टीवरून! आणि कोसमटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, की विमान घिरट्या घालतंय आणि उतरत नाही, म्हणजे पट्टीवर काहीतरी बिनसलंय. मंडईतला भोंगा मध्येच बंद पडला. लोक धावत सुटले.

सगळ्यांच्या आधी अर्थातच बुलेट पोचली.

"कोणी पाडली झोळी?" गुणवंतराव गरजले. "पाहुणे चालले ना परत! कोण हाय तो बदमाश?"

"आमी हाओ!" खोलीतून चार आवाज एकदम आले.

पत्रूच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. त्यानं कसंबसं कुलूप काढलं. आतून चुन्यानं पांढरीफटक पडलेली चार भुतं बाहेर आली, तशी जमलेली माणसं दोन पावलं मागंच सरली.

"काय लावलं हाय हे, पोट्ट्यांनो?" गुणवंतराव लोकांकडं वळले. "पाहा, पाहा! पट्टी अशी चकाचक हाय, आन् या पोट्ट्यांनी झोळी फाडून ठेवली! यांच्यामुळं गावाची पट्टी जाणार!"

लोक कुजबुजू लागले. पवन तोंड उघडणार, तेवढ्यात मदीहानं त्याचा हात दाबला. मोठ्यांशी वाद घालून काही होत नाही, हे ती अब्बूंशी भांडून शिकली होती.

"भाऊ," ती अगदी गरिबासारखी म्हणाली, "पट्टी खरंच चांगली हाय?"

"एक नंबर!"

"मंग आमचंच चुकलं. तुमी एक करा ना भाऊ. तुमची बुलेट जोरात या तणसावरून पळवून दाखवा. सगळ्यांची खात्री होते, मंग आमी कान धरून माफी मागतो."

सगळ्या गावाचे डोळे गुणवंतरावांवर खिळले. ते तणसाकडं बघू लागले. मग बुलेटकडं. मग पुन्हा तणसाकडं.

"पेट्रोल कमी हाय," ते म्हणाले.

"धक्का मारू का, भाऊ?" अनसनं विचारलं.

आता मात्र हशा पिकला! पोलीस पाटील सुगंधाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या तरातरा चालत गेल्या आणि काठीनं तणस बाजूला केलं. खड्डा उघडा पडला आणि हसू जागच्या जागी विरलं. गुणवंतरावांची मान खाली गेली. पत्रू तर मटकन खालीच बसला.

"पोरं आत हायत, हे मले माहीत नव्हतं वो बाई," तो रडत म्हणाला. "आन् कुलूप लावताना मी आत पाह्यलंही नाई."

"तू पट्टी तरी कुठी पाह्यली?" सुगंधाबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी टिप्पर उलटे धावले. रस्त्यावर गेलेला मुरूम गुणवंतरावांना परत आणावा लागला. अख्ख्या गावानं पाणी मारून, रोलर फिरवून खड्डा बुजवला. सुगंधाबाईंनी टाकीवर चढून, रेंज पकडून प्रियाताईला सगळं सांगितलं. बापूराव त्यावर काय म्हणाले, ते मात्र कुणालाच कळलं नाही. बुधरी ते दिवस नीट जेवलीसुद्धा नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी विमान पुन्हा आलं. त्या सकाळी पट्टी चालले ते दवाखान्यातून घरी आलेले स्वतः इसरू आजा. काखेत कुबडी, एका बाजूला बुधरी, मागं मदीहा, अनस, पवन आणि त्यांच्याही मागं मान खाली घातलेला पत्रू. शेवटच्या टोकाला पोचल्यावर आजांनी मान डोलावली, तेव्हाच नवी झोळी वर गेली. विमान अलगद टेकलं आणि घरंगळत खोलीपाशी येऊन थांबलं.

बापूराव उतरले. पांढऱ्या मिशा, करडा चेहरा. "झोळी कुणी पाडली होती?" त्यांनी विचारलं.

चौघांनी हात वर केले. बुधरीनं सगळ्यांत शेवटी.

"चांगल्या पट्ट्या मी पुष्कळ पाहिल्यात," बापूराव म्हणाले. "पण मुरूम चांगला आहे म्हणून कुठली पट्टी भरवशाची होत नाही. खड्डा पडल्यावर झोळी खाली घेणारं माणूस तिथं लागतं. इथं अशी चार माणसं कुलूपबंद असतानाही कामावर होती! इसरूभाऊ, ही पट्टी आम्ही सोडत नाही."

 इसरू आजांनी बुधरीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हसत होती आणि रडतही होती. प्रियाताईनं तर चौघांना एकदमच मिठीत घेतलं. त्यात अनसचे उरलेले शेंगदाणेही चिरडले!

गर्दीत मदीहाचे अब्बू, लियाकत टेलरही होते. पोरांना घरी न्यायला ते आरमोरीहून आले होते. ते ओशाळून पुढं झाले.

"इसरूभाऊ, माफ करा. माही शिलाई कच्ची होती. ही नवी झोळीही घाईतच शिवून दिली, पण आता अशी पक्की शिवतो, की दहा साल दोरा निघणार नाई."

"नको वो, लियाकतभाऊ!" इसरू आजा घाईघाईनं म्हणाले. "तसाच टाका घाला. फक्त दोरा लांब ठेवा, पार खोलीच्या आत येईल असा."

"आन् गाठ?" अब्बूंनी विचारलं.

"गाठ मी मारणार," मदीहा म्हणाली. "पण या वेळी सुटणारी!"